महापौर कुणाचा, पाणी कुणाचं

महापौर हा शब्द सावरकरांनी मराठीला दिला. मेयर या इंग्रजी शब्दाच्या जागी. शब्द चांगला आहे, तोंडात बसतो, नाही म्हणायचं काही कारण नाही. पण फोडून बघितला की गंमत दिसते. पुरात राहतो तो पौर, आणि पौरांत मोठा तो महापौर. आता पुर म्हणजे काय? जिला कूस आहे, वेस आहे ती वस्ती. मग जो वेशीबाहेर राहायचा तो कोण? तो पौर नव्हता. वेस राखायचं काम मात्र त्याचंच. रात्री दरवाजा लावायचा, सकाळी उघडायचा, परक्या माणसाची वर्दी पाटलाला द्यायची, सरकारी टपाल पुढच्या गावाला पोचवायचं, मेलेलं ढोर ओढायचं. वेसकर म्हार. गावात सभा आहे हे घसा ताणून सांगायचं आमच्या पणज्यानं, आणि सभा भरली की त्यानं बसायचं लांब, चपला सोडतात तिथं. दवंडी आमची, ठराव त्यांचा. नगराध्यक्ष-महापौरांचा इतिहास मला इथून सुरू करावासा वाटतो. इंग्रजी पुस्तकं तो लंडनपासून सुरू करतात. करू देत.

मी मुरबाडच्या एमआयडीसीत एका सूतगिरणीत डॉफिंगला आहे. भरलेले बॉबिन काढायचे, रिकामे लावायचे. कविता करतो. इतिहास कुठल्या कॉलेजात शिकलो नाही. रात्रपाळी सुटल्यावर जे हातात पडलं ते वाचलं, कळलं नाही तर परत वाचलं. तेव्हा विद्वानांसारखं लिहिता येणार नाही. पण एक प्रश्न डोक्यातून जात नाही. आरक्षणाची सोडत निघते, चिठ्ठी निघते, आणि वस्तीत आरोळी उठते, आता खुर्ची आपली! गुलाल उडतो. डीजे वाजतो. सहा महिन्यांनी त्याच वस्तीतली बाई हंडा घेऊन त्याच लांबच्या विहिरीवर चाललेली असते. तर खुर्ची मिळाली म्हणजे नेमकं काय मिळालं?

याचं उत्तर शोधायला आधी ती खुर्ची कशी घडवली ते बघावं लागतं. मुंबईचंच घ्या. १८६५ साली इंग्रजांनी मुंबईला म्युनिसिपल कमिशनर दिला, ऑर्थर क्रॉफर्ड. त्यानं बाजार बांधले, रस्ते केले आणि पैसा इतका उधळला की शहरातले करदाते खवळले. त्या गोंधळातून १८७२ चा कायदा आला, लोकांनी निवडलेले सभासद आले. मग १८८८ चा कायदा आला, ज्याच्यामागं फिरोजशहा मेहतांचं डोकं होतं. मुंबई महापालिका त्याच कायद्याच्या पायावर उभी आहे. यात लोक म्हणजे कोण हे विसरू नका. कर भरणारे. घरमालक, व्यापारी, वकील. चाळीत राहणारा, गटार उपसणारा, गिरणीत खोकणारा माणूस या लोकांत नव्हताच. त्या कायद्यानं कामाची वाटणी अशी केली की सभेनं ठरवायचं, पैशाची मंजुरी स्थायी समितीनं द्यायची आणि प्रत्यक्ष करायचं कमिशनरनं. कमिशनर सरकारचा माणूस. सभेचा जो अध्यक्ष, त्याला १९३१ पासून मेयर म्हणू लागले. जे. बी. बोमन बेहराम हे पहिले. झगा आला, मान आला, शहराचा पहिला नागरिक ही पदवी आली. पण नळाची चावी कमिशनरकडंच राहिली.

नगरपालिका आणि नगरपंचायतीतही गोष्ट तीच, फक्त नावं बदलतात. तिथं कमिशनरच्या जागी मुख्याधिकारी. नगराध्यक्ष सभा चालवतो, बरोबरीची मतं पडली तर आपलं मत टाकतो, कारभारावर नजर ठेवतो. फाईलवर सही करून काम सुरू करणारा हात बहुतेक वेळा दुसऱ्याचा असतो.

आता या झग्याच्या गोष्टीत दोन वर्षं अशी आहेत की कामगाराला आणि आमच्या माणसाला वाचताना छाती फुगते. १९५८ साली मुंबईचे महापौर झाले शांताराम सावळाराम मिरजकर. कम्युनिस्ट. १९२८ चा गिरण्यांचा सहा महिन्यांचा संप लढवणाऱ्यांतले, मीरत कटाच्या खटल्यात तुरुंग भोगलेले. आणि लगेच पुढच्या वर्षी, १९५९ ला, महापौर झाले पी. टी. बोराळे. रिपब्लिकन पक्षाचे, आपले. कायदा शिकवणारा माणूस. वेगळं ठेवण्याच्या, शिवाशिवीच्या कायदेशीर बाजूवर त्यांनी पुढं १९६८ साली इंग्रजीत ग्रंथ लिहिला. हे दोघं आले ते संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेवर, आणि त्याच्याही आधी १९४८ पासून महापालिकेला प्रौढ मतदान आलं होतं म्हणून. करदात्यांचंच मत राहिलं असतं तर गिरणीवाल्याचा पुढारी आणि महाराचा पोर त्या झग्याला शिवलाही नसता.

विचार करा, बाबासाहेब जाऊन तीन वर्षं झालेली. महार वतन मोडणारा कायदा १९५८ चा, अजून शाई ओली. म्हणजे गावोगाव म्हातारे वेसकर अजून काठी घेऊन बसलेले, आणि मुंबईत त्याच जातीतला एक माणूस शहराचा पहिला नागरिक. माझी आजी असं काही ऐकलं की म्हणायची, "पर त्यानं काय व्हतंय रं?" तिला टोमणा मारायचा नसायचा. खरंच विचारायची. महापौर एक वर्षाचा. कमिशनर सरकारचा. झोपडपट्टीच्या नळाचा अर्ज पुन्हा त्याच टेबलावर. तरीसुद्धा मी म्हणतो, काही झालंच नाही असं नाही. त्या वर्षी शहराच्या सभेत सगळ्यांना ज्याच्याकडं तोंड करून बोलावं लागलं, ज्याला "महापौर महाशय" म्हणावं लागलं, तो माणूस कोण होता? ज्याची सावली चालत नव्हती त्याचा पोर. हे थोडं नाही. पण पुरेसंही नाही, आणि का नाही ते मुंबईत दिसत नाही. ते दिसतं महाडला.

महाड म्हटलं की आपण सगळे चवदार तळ्याचा काठ आणि बाबासाहेबांची ओंजळ आठवतो. ते बरोबरच आहे. पण त्या काठावर आधी काय काय झालं याची कागदपत्रं वाचली की नगराध्यक्ष म्हणजे काय हे जितकं कळतं तितकं दुसरीकडं कुठं कळत नाही. म्हणून जरा सावकाश सांगतो.

४ ऑगस्ट १९२३. मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडला आणि तो पास झाला. सरकारी किंवा सार्वजनिक पैशानं बांधलेली, चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच शाळा, कोर्टं, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले. बोले भंडारी समाजाचे, कामगारांत काम करणारे. ११ सप्टेंबरला सरकारनं तसा हुकूम काढला. तो जिल्ह्याजिल्ह्यांत, नगरपालिकांत गेला. बहुतेकांनी तो फाईलीला लावला असणार, आपल्याकडं हुकूम लावायची जागा तीच. महाडच्या नगरपालिकेनं मात्र ५ जानेवारी १९२४ ला ठराव केला की चवदार तळं अस्पृश्यांना खुलं आहे. नगराध्यक्ष होते सुरेंद्रनाथ गोविंद टिपणीस. कायस्थ प्रभू. जन्मानं या माणसाला तळ्याची काही अडचण नव्हती, त्याचं घर कधीच तहानेलं नव्हतं. तरी तो उभा राहिला.

झालं. ठराव झाला. आणि पुढं?

पुढं तीन वर्षं एकही अस्पृश्य त्या तळ्यावर पाणी प्यायला गेला नाही. जायची कुणाची छाती झाली नाही. ठराव नगरपालिकेच्या बुकात, पाणी तळ्यात आणि मधे गाव. तळ्यावर मुसलमान येत होते, ख्रिस्ती येत होते, ढोरं येत होती, कुत्री येत होती. ठरावानं हक्क मिळालेला माणूस तेवढा येत नव्हता. मला या तीन वर्षांवर फार विचार करावासा वाटतो. इतिहासाच्या पुस्तकांत ती एका ओळीत उरकतात. १९२४ ला ठराव, १९२७ ला सत्याग्रह. मधे काय? मधे रोज सकाळ झाली असेल. रोज एखादी बाई लांबून पाणी आणत असेल, आणि तिला कुणी सांगितलं असेल की तुझ्या नावचा ठराव झालाय म्हणून.

१९ आणि २० मार्च १९२७. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद. रामचंद्र बाबाजी मोरे, हा तरुण पोरगा, त्यामागं धावत होता. पुढं तो लाल बावट्यात गेला, पण निळ्याशी त्यानं नातं तोडलं नाही. अनंतराव चित्रे होते, टिपणीस होते, सहस्रबुद्धे होते. नगराध्यक्षाच्या गावात परिषद, नगराध्यक्षाचा पाठिंबा, सार्वजनिक जागा खुल्या असल्याचा ठराव हातात, आणि परिषदेला आलेल्या लोकांना पिण्यासाठी पाणी आणलं कसं? चाळीस रुपयांचं विकत घेऊन! सवर्णांकडून! १९२७ चे चाळीस रुपये. ज्या गावानं कागदावर तळं दिलं त्याच गावानं घागरीनं पाणी विकलं. याहून मोठी कविता मी लिहू शकणार नाही.

२० तारखेला सगळे रांगेनं निघाले आणि तळ्यावर गेले. बाबासाहेब प्याले, मग सगळे प्याले. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी आवई उठली, जेवत असलेल्या लोकांवर लाठ्या पडल्या, अन्न मातीत मिसळलं. मग तळं बाटलं म्हणून एकशे आठ घागरी घेऊन, शेण-गोमूत्र-दूध-दही ओतून ते शुद्ध केलं. आणि ४ ऑगस्ट १९२७ ला महाडच्या नगरपालिकेनं १९२४ चा आपलाच ठराव रद्द केला.

तारीख बघितली का? ४ ऑगस्टच. बोल्यांच्या ठरावाला बरोबर चार वर्षं त्या दिवशी झाली. कुणी मुद्दाम निवडली नसेल. पण खुर्चीवरून दिलेली गोष्ट तितक्याच सहज खुर्चीसमोरच्या हातांनी काढून घेता येते, हे त्या तारखेएवढं उघड कुणी सांगितलेलं नाही. नगराध्यक्ष एक. सभासद अनेक. त्या अनेकांची घरं गावात, सोयरीक गावात, दुकान गावात. सभेत हात वर करायला धैर्य लागत नाही, दुसऱ्या दिवशी बाजारातून चालायला लागतं.

डिसेंबरात दुसरी परिषद. मांडवाला सवर्णांनी जागा दिली नाही, फत्तेखान नावाच्या मुसलमानानं दिली. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. सहस्रबुद्धे ब्राह्मण असून त्यात पुढं होते, हेही लिहून ठेवायला हवं. आपण उपकार विसरणाऱ्यांतले नाही. तळ्यावर जायचं मात्र थांबवावं लागलं, कारण सनातन्यांनी कोर्टातून मनाई आणली होती. तळं खासगी आहे असा त्यांचा दावा. म्हणजे नगरपालिका ज्याला आपलं म्हणत होती ते आता चौधरी तळं, खासगी मालमत्ता झालं! खटला चालला दहा वर्षं. महाडचं कोर्ट, मग आमच्या ठाण्याचं कोर्ट, मग हायकोर्ट. १७ मार्च १९३७ ला हायकोर्टानं निकाल दिला. तळं फक्त सवर्णांनी वापरायचं अशी अनादि काळापासूनची वहिवाट सिद्ध झालेली नाही, अपील फेटाळलं. निकाल देणाऱ्यांत ब्रूमफील्ड होता, ज्यानं १९२२ ला गांधींना सहा वर्षांची शिक्षा दिली तोच.

टिपणिसांचं पुढं काय झालं? बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातून ते १९३७ ला मुंबईच्या कायदेमंडळात निवडून गेले. म्हणजे त्यांनी खुर्चीवर बसून ठराव केला, ठराव चालला नाही, तर ते आमच्या बाजूला येऊन उभे राहिले. नगराध्यक्षानं काय करावं याचा मला एवढाच धडा सापडतो, आणि तो खुर्चीत नाही, खुर्ची सोडून आलेल्या माणसात आहे.

बोल्यांचा तो ठराव मात्र मेला नाही. घटनेचं पंधरावं कलम काढून बघा. त्यातल्या दुसऱ्या भागात विहिरी, तळी, स्नानाचे घाट, रस्ते, सरकारी पैशानं राखलेल्या जागा सगळ्यांना खुल्या. १९२३ ची ती यादीच जणू वाढून घटनेत बसली. फरक एवढाच की आता ती कुठल्या नगरपालिकेला सभा भरवून रद्द करता येत नाही.

बाबासाहेबांना गावच्या पंचांचा भरवसा नव्हता, तो का नव्हता हे महाडनंतर वेगळं सांगायला नको. १९३२ साली मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायतींचं बिल आलं तेव्हा त्यांनी सांगितलं की नुसतं प्रौढ मतदान आमच्या कामाचं नाही, आम्हाला राखीव जागा पाहिजेत. बरोबर होतं. गावात आमची घरं पंधरा, त्यांची दीडशे. मोजा मतं. ती राखीव जागा सगळ्या देशात पंचायत-नगरपालिकांना यायला १९९२ च्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्त्या लागल्या. त्या १९९३ ला लागू झाल्या. साठ वर्षं. सरपंच, नगराध्यक्ष, महापौर, सगळ्यांच्या खुर्च्या फिरत्या आरक्षणात आल्या. बायकांनाही आल्या.

आणि लगेच महाड पुन्हा झालं. तामिळनाडूत मदुरै जिल्ह्यात मेलवळवू नावाचं गाव आहे. तिथलं पंचायत अध्यक्षपद १९९६ ला दलितांसाठी राखीव झालं. मुरुगेसन नावाचा माणूस उभा राहिला, निवडून आला. ३० जून १९९७ ला बस अडवून त्याला आणि त्याच्या सोबतच्या पाच जणांना कापलं. चिठ्ठीनं खुर्ची दिली, गावानं जीव घेतला. त्याच भागात पापापट्टी, कीरिपट्टी अशा गावांत कितीतरी वर्षं निवडणूकच धड होऊ दिली नाही. २००६ पर्यंत.

हे फक्त आपल्याकडंच होतं असं नाही. आपल्या पँथरांनी १९७२ ला ज्यांच्याकडं बघून नाव घेतलं त्या अमेरिकेतल्या काळ्यांचं बघा. १९८३ साली शिकागो शहरात हॅरॉल्ड वॉशिंग्टन हा पहिला काळा महापौर झाला. तिथला महापौर आपल्यासारखा झग्यापुरता नाही, त्याच्या हातात कारभार असतो. तरी पन्नास सभासदांपैकी एकोणतीस गोऱ्या पुढाऱ्यांमागं एक झाले आणि त्यांनी तीन वर्षं त्याच्या नेमणुका, त्याचे ठराव अडवले. १९८६ ला कोर्टाच्या हुकमानं काही वॉर्डांच्या हद्दी बदलून पुन्हा निवडणूक झाली, तेव्हा पारडं सारखं झालं. १९८७ च्या नोव्हेंबरात तो कचेरीतच मेला. त्याच्या आणि महाडच्या गोष्टीत मला एकच ओळ सारखी दिसते. माणूस बसवला तरी सभा तीच राहते. वॉर्ड बदलले तेव्हा कुठं गाडी हलली.

आता आमच्या डोंगराकडं येतो.

मुरबाड तालुक्यात सिद्धगड आहे. २ जानेवारी १९४३ ला तिथं पोलिसांच्या गोळ्यांनी दोन माणसं मेली. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील. दर २ जानेवारीला लोक तिथं जमतात, पुढारी भाषणं करतात. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल हा माथेरानचा, न्हाव्याचा पोर, वकिली शिकलेला. त्यानं सावकाराच्या कचाट्यातल्या शेतकऱ्यांसाठी धान्याची कोठारं काढली, डोंगरातल्या पोरांसाठी शाळा काढल्या. बेचाळीसला त्यानं आणि त्याच्या दस्त्यानं विजेचे मनोरे पाडले. मुंबईच्या गिरण्यांकडं जाणारी वीज तोडली. हे सगळे सांगतात. पण तो माथेरान नगरपालिकेचा उपाध्यक्ष होता, हे भाषणात क्वचित येतं. म्हणजे ज्यांच्या दाढ्या करायच्या त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसला होता. साहेबांच्या आणि शेठजींच्या थंड हवेच्या गावात. ती खुर्ची त्याला पुरली नाही, म्हणून तो डोंगरात गेला असं मी समजतो. बाकीचे काहीही समजोत.

आणि त्या माथेरानमध्ये काय राहिलं? हातरिक्षा. माणूस माणसाला ओढत चढावर नेतो ती. स्वातंत्र्य आलं, किती नगराध्यक्ष आले-गेले, हातरिक्षा राहिली. ६ ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टानं, सरन्यायाधीश भूषण गवईंच्या खंडपीठानं, ही प्रथा अमानुष आहे असं म्हणून सहा महिन्यांत बंद करायला सांगितली. कोतवाल मेल्यावर ब्याऐंशी वर्षांनी. पुन्हा तेच बघा. सभेतून नाही, कोर्टातून. १९३७ सारखं.

आता पाणी. मुंबईचा महापौर आणि आमचा शहापूर-मुरबाड यांचं नातं पाण्याचं आहे. तानसा धरण १८९२ चं. मोडकसागर १९५७ चं, महापालिकेच्या इंजिनेराच्या नावाचं. मग भातसा. तिन्ही शहापूर तालुक्यात. मुंबईच्या नळाला येणाऱ्या पाण्यातलं निम्म्याच्या आसपास एकट्या भातसाचं. पावसाळ्यात तलाव भरले की मुंबईच्या महापौरानं येऊन जलपूजन करायचं, ओटी भरायची, फोटो काढायचा, असा रिवाज चालत आलाय. आणि त्याच शहापूरच्या पाड्यांत मार्च-एप्रिलला टँकर फिरतात. ठाकर, कातकरी बायका पहाटे तीनला विहिरीत उतरतात. मोठ्या नळाच्या पाईपावरून चालत जातात आणि पाईपात पाणी खळखळतं ते ऐकतात. मुरबाडात बारवी धरण, १९७२ चं, एमआयडीसीचं. कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, कारखाने, सगळे त्याच्यावर. माझ्या गिरणीतल्या मशिनीलाही पाणी लागतं, तेव्हा मी कुणाला नावं ठेवू? पण पूजा करणाऱ्या महापौराचे मतदार शंभर किलोमीटर लांब. पाड्यातल्या बाईचं मत त्याला नाही. ज्याचं धरण, त्याचा महापौर नाही. महाडला तळं गावात होतं आणि माणूस बाहेर. इथं तळं आमच्या दारात आणि आम्ही तळ्याबाहेर.

एक गंमत बघा. मार्च २०२२ ला मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर साडेतीन वर्षांहून जास्त मुंबईला महापौरच नव्हता. प्रशासक म्हणून कमिशनरच सगळं. पाणी येत होतं, कचरा उचलला जात होता, टेंडरं निघत होती. तेव्हा आमच्या पाळीतला एक जण मला म्हणाला, "बघ, तुझा महापौर नसला तरी शहर चालतंय." चालतंय खरं. पण त्या काळात वस्तीत पाणी आलं नाही तर माणसानं कुणाच्या दारात जाऊन बोंब मारायची? कमिशनरला मत लागत नाही. नगरसेवकाला लागतं, महापौराला लागतं. एवढ्यासाठी का होईना ती खुर्ची भरलेली पाहिजे. बोंब मारायला पत्ता लागतो.

२०१४-१५ च्या सुमारास सरकारनं तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती करायचं धोरण घेतलं. त्यात मुरबाड आणि शहापूर आले. सतरा प्रभाग. सरपंच गेला, नगराध्यक्ष आला. पाट्या बदलल्या, घरपट्टी वाढणार म्हणून चर्चा झाली. नगराध्यक्ष लोकांनी निवडायचा की सभासदांनी, हेही सरकार बदलेल तसं बदलत राहिलं. २०१६ ला लोकांनी, २०२० ला सभासदांनी, २०२२ ला पुन्हा लोकांनी. हा खेळ बिनमहत्त्वाचा नाही. लोकांनी निवडला तर आमची मतं सगळ्या गावात मिळून मोजली जातात, आणि आरक्षण असलं तरी बहुसंख्यांना जो नको तो पडतो. त्यांना जो मऊ वाटतो तो येतो. सभासदांनी निवडला तर सतरापैकी नऊ जणांची बेरीज ज्याच्या खिशात, त्याचा. दोन्हीकडं विचारायचा प्रश्न एकच, आमचा माणूस कुणाच्या मतांवर उभा आहे? जे उत्तर येईल तितकंच तो बोलणार. त्याला शिव्या देऊन उपयोग नाही. माझ्या ओळखीत राखीव जागेवर आलेल्या बाया आहेत, ज्यांच्या नवऱ्याऐवजी गावचा पुढारी शिक्का सांभाळतो. आणि अशाही आहेत, ज्यांनी पहिल्याच सभेत बुक मागून घेतलं आणि मागचे ठराव वाचायला बसल्या. दुसऱ्या प्रकारच्या थोड्या आहेत. पण आहेत.

ते बुक हीच खरी चावी आहे असं मला अलीकडं वाटायला लागलंय. महाडचा ठराव बुकात होता म्हणून १९२७ ला हातात काहीतरी होतं. "तुमच्याच नगरपालिकेनं लिहिलंय," एवढं तरी म्हणता आलं. बुकात नसतं तर नुसती भीक झाली असती. त्यामुळं ठरावाला मी कागद म्हणून हसत नाही. कागद एकट्यानं चालत नाही एवढंच. त्याला पाय लागतात, आणि ते पाय नगराध्यक्षाचे नसतात. मोरेंसारख्या पोरांचे असतात.

आमच्या वस्तीकडं येणारी पाण्याची लाईन ज्या पंचायतीच्या हद्दीत येते, तिचं नाव मी इथं लिहीत नाही. लाईन मंजूर आहे असं मी पोरगा होतो तेव्हापासून ऐकतोय. तीन सरपंच झाले, त्यातले दोघं आपले. प्रत्येकानं मंजूर आहे असंच सांगितलं. म्हणून गेल्या रविवारी पाळी सुटल्यावर मी आणि आणखी चौघं बसलो आणि माहितीच्या अधिकाराखाली अर्ज लिहिला. मागच्या दहा वर्षांत वस्तीच्या पाण्याबद्दल झालेल्या प्रत्येक ठरावाची नक्कल, त्याची तारीख, मांडणाऱ्याचं नाव, अनुमोदकाचं नाव, किती पैसे पडले, किती खर्च झाले, आणि ठराव रद्द केला असेल तर केव्हा. शेवटचं वाक्य एकानं नको म्हटलं, उगाच डिवचल्यासारखं होतंय म्हणाला. ते मी ठेवलं. दहा रुपयांचं कोर्ट फीचं तिकीट लावून अर्ज सोमवारी दिला, पोच घेतली. तीस दिवसांची मुदत आहे.